शेवटच्या बाइकपर्यंत

आठ बाइक एका रांगेत ताशी ८० किलोमीटरने चालल्या आहेत असं धरू. या वेगाला बाइक एका सेकंदात २२ मीटर कापते. पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर राखायचं हा साधा नियम पाळला, तर दोन बाइकच्या मध्ये ४४ मीटर जागा राहते. अशा सात फटी म्हणजे ३०८ मीटर. त्यात बाइकची लांबी मिळवली की रांग सव्वातीनशे मीटरची झाली. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एक डावीकडून, एक उजवीकडून असं चाललं तर ती निम्म्यावर येते. वळणं लागली की पुन्हा एकेरी रांग आणि पुन्हा सव्वातीनशे. आता मध्ये एक ट्रक येऊ द्या. तिघे पुढे निघून गेले, पाच जण ट्रकमागे ताशी ५०ने रखडले. अर्ध्या मिनिटात दोन तुकड्यांमध्ये आणखी अडीचशे मीटर पडतात. मिनिटभर रखडले तर पाचशे.

हेल्मेटला लावून चालता चालता एकमेकांशी बोलायचं यंत्र, म्हणजे इंटरकॉम, घ्यायचा तो या हिशेबासाठी. दुकानात मात्र गोष्ट उलट्या टोकाकडून सुरू होते: खोक्यावर ‘दोन किलोमीटर’ छापलेलं असतं, स्पीकर कुठल्या नामांकित कंपनीचे आहेत ते छापलेलं असतं, आणि आपण यंत्र निवडू लागतो. मोजायचा असतो तो आपला ग्रुप. किती जण असतात, रांग किती ताणली जाते, कोणाकडे आधीपासून काय आहे आणि बोलायचं नेमकं काय आहे, एवढं कागदावर मांडलं की निम्मी खोकी आपोआप बाजूला पडतात.

खोक्यावरचा तो आकडा खोटा असतो असं नाही. पण तो जिथे मोजलेला असतो तशी जागा रस्त्यावर सापडत नाही. हेल्मेटमधले बहुतेक इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तिथे लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर असते. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या की काम झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लहरींना त्या सरळ रेषेभोवतीही मोकळी जागा लागते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्यावर फुगलेली. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. एक किलोमीटर अंतराला तिची मध्यावरची त्रिज्या साडेपाच मीटरच्या पुढे जाते. तीनशे मीटरला ती तीन मीटर असते. आपलं हेल्मेट रस्त्यापासून दीड मीटरवर. म्हणजे किलोमीटरभराच्या गप्पांना लागणाऱ्या झोनचा मध्यावरचा खालचा बराचसा भाग डांबरात गाडलेला असतो. हा झोन रस्त्याच्या वर पुरता मावतो तो साठ-सत्तर मीटरपर्यंतच. त्यापुढे आवाज लगेच जात नाही, पण प्रत्येक अडथळ्याला चुकवायची ऐपत कमी कमी होत जाते. मग मधली एक बस, घाटातला कड्याचा कोपरा, नाहीतर पावसाने निथळणारी दाट झाडी पुरेशी ठरते.

यात आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. इंटरकॉम हेल्मेटच्या डाव्या बाजूला लावतात, कारण उजवा हात थ्रॉटलवरून उचलता येत नाही. त्यामुळे उजवीकडच्या जोडीदाराकडे जाणाऱ्या लहरींच्या वाटेत आपलंच डोकं येतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी धरून असलेल्या कुठल्याही गोष्टीत चांगल्याच शोषल्या जातात. शेजारी शेजारी चालताना याने काही बिघडत नाही. रेंजच्या काठावर असताना मात्र मान जराशी वळवली की तुटलेला आवाज परत येतो, तो यामुळे.

तेव्हा ब्लूटूथच्या दोन हेल्मेटमध्ये मोकळ्या रस्त्यावर काही शे मीटर आणि वळणावळणाच्या रस्त्यावर पुढच्या वळणापर्यंत, एवढंच गृहीत धरावं. जास्त मिळालं तर आनंद आहे.

आता ब्लूटूथ की मेश, म्हणजे यंत्रांचं जाळं. ब्लूटूथ मुळात फोन आणि कानातलं यंत्र अशा जवळच्या जोड्यांसाठी घडवलं गेलं. जुन्या ब्लूटूथच्या रचनेत एक मुख्य यंत्र आणि त्याला जोडलेली फार तर सात यंत्रं असतात, त्यातही एका वेळी आवाजाच्या जोडण्या तीनच. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर चार-सहा जणांचं संभाषण चालवायचं म्हणून कंपन्यांनी साखळी केली: पहिला दुसऱ्याशी जोडलेला, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. पहिल्याचा शब्द चौथ्याला ऐकू जातो तो दुसऱ्या-तिसऱ्याच्या हेल्मेटमधून. रस्ता ओलांडताना हात धरून चालणाऱ्या मुलांसारखं आहे हे. मधल्याने हात सोडला की रांगेचे दोन तुकडे. तिसरा पेट्रोलला थांबला तर चौथा गेलाच, शिवाय तो परतल्यावर जोडणी पुन्हा हाताने जुळवावी लागू शकते. साखळीत क्रमालाही अर्थ असतो. पेअरिंग, म्हणजे यंत्रांची एकमेकांशी जोडणी, ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने बाइक चालल्या तर प्रत्येक दुवा ४४ मीटरचा राहतो. चौथा पुढे जाऊन लीडच्या, म्हणजे सगळ्यांत पुढच्या बाइकच्या, मागे लागला की त्याचा दुवा मात्र मागे राहिलेल्या तिसऱ्याशीच असतो, आणि रांग जवळ असूनही आवाज लांबचा वळसा घेतो.

दोन जणांसाठी, विशेषतः मागे बसणाऱ्याशी बोलण्यासाठी, ब्लूटूथ उत्तम आहे. त्याहून महाग काही घेण्यात मला अर्थ दिसत नाही. एकाच कंपनीचे तीन-चार जण क्रम पाळून चालणार असतील तरी चालून जातं. खरेदीत एक फसगत इथे नेहमीची आहे. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर ‘सहा रायडर’ लिहिलेलं असतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच असतो की यंत्र सहा जणांची ओळख लक्षात ठेवतं. बोलता येतं ते एका वेळी त्यातल्या एकाशीच. माहितीपत्रकात ‘एकाच वेळी’ हे शब्द शोधायचे. नसतील तर दोन जणांचंच यंत्र समजायचं.

मेशमध्ये साखळी नाही. प्रत्येक हेल्मेट आवाज घेतं आणि पुढे ढकलतं, त्यामुळे एक जण गळाला तरी बाकीच्यांमधून दुसरी वाट निघते. तो परत टप्प्यात आला की आपोआप जोडला जातो. कार्डो या कंपनीने २०१५ साली पॅकटॉक या मॉडेलमधून हे हेल्मेटात आणलं, सेना या कंपनीने २०१८ साली थर्टी-केमधून. कार्डोच्या मेशमध्ये १५ जण मावतात, सेनाच्या बंद ग्रुपमध्ये २४. पाच किंवा त्याहून जास्त जण नेहमी एकत्र जाणार असतील तर मेशलाच पैसे घालावेत. साखळी जुळवण्यात प्रत्येक थांब्यावर जाणारी पाच-दहा मिनिटं आणि त्यातून होणारी चिडचिड हिशेबात धरली तर ते महाग पडत नाही.

पण मेश म्हणजे जादू नव्हे. सुरुवातीच्या त्या ट्रकच्या उदाहरणात तिघे पुढे आणि पाच मागे पडले, मध्ये पाऊण किलोमीटर आणि दोन वळणं आली, तर मेशसुद्धा दुभंगतो. तिघांचा एक ग्रुप होतो, पाचांचा दुसरा. दोन्हीकडे आवाज स्वच्छ येत असतो, म्हणून तुटल्याचं कोणाच्या ध्यानातच येत नाही. साखळी तुटली की निदान शांतता पसरते. मेश तुटला तर गप्पा चालूच राहतात. म्हणून लीडने थोड्या थोड्या वेळाने शेवटच्या बाइकला, म्हणजे स्वीपला, नावाने हाक मारून उत्तर घ्यायचं. मधल्या कोणीतरी ‘हो, आहे मागे’ म्हटलेलं धरायचं नाही.

काही कंपन्यांच्या मेशमध्ये खुला आणि बंद असे दोन प्रकार असतात. खुल्या मेशमध्ये त्याच कंपनीचं यंत्र असलेला कोणीही त्या चॅनेलवर येऊन बोलू शकतो. अनोळखी वाटेवर कोणी भेटलं तर हे मजेचं आहे. पण बाइकवाले जिथे हमखास थांबतात अशा ठिकाणी पहिल्या चॅनेलवर बाजार भरलेला असतो, कारण यंत्र कारखान्यातून त्याच चॅनेलवर येतं आणि कोणी ते बदलत नाही. बंद ग्रुप करावा, तो निघायच्या आदल्या रात्री करावा, आणि त्याच वेळी सगळ्यांच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीवर आणावं. एकाने नवं घेतलं आणि दुसऱ्याने जुनंच ठेवलं तर एकाच मॉडेलची दोन यंत्रं एकमेकांच्या मेशमध्ये शिरायला नकार देऊ शकतात. पहाटे पेट्रोल पंपावर, फोनला धड इंटरनेट नसताना, हे कळण्यासारखं वैतागवाणं काही नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं ही या विषयातली खरी डोकेदुखी. एका कंपनीचा मेश सहसा दुसरीला कळत नाही. दोघी बोलू शकतात त्या फक्त ब्लूटूथवर, तेही बऱ्याचदा चोरवाटेने: एक यंत्र दुसऱ्याला ‘मी फोन आहे’ असं भासवतं. चालतं हे. मात्र फोनसाठी असलेली जोडणी त्यात खर्ची पडते, मग दुसरा फोन किंवा जीपीएस त्या यंत्राला लावता येत नाही. आवाजाचा दर्जा फोनवरच्या बोलण्याचा, रेंज ब्लूटूथची, आणि तुटल्यावर परत जुळणं यंत्राच्या लहरीवर. मिश्र ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंचा एकेक जण असा पूल बनतो. त्या दोघांनी शेजारी शेजारीच चालायचं आणि त्यांची बॅटरी सगळ्यांत ताजी असली पाहिजे, कारण पुलावरचं एक यंत्र बंद पडलं की अर्धा ग्रुप गेला. म्हणून नवीन माणसाला सल्ला एकच: ज्यांच्याबरोबर जाणार आहेस त्यांच्याकडे जे आहे तेच घे. तुलनेत दुसरं यंत्र चार पावलं पुढे असलं तरीही. एकट्याच्या हेल्मेटमधलं सर्वोत्तम यंत्र म्हणजे महागडे स्पीकर, बाकी काही नाही.

वॉकीटॉकी आता जुनाट वाटते, पण वीस-पंचवीस जणांच्या ताफ्यात ती अजून हवीच. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे १६ चॅनेल अर्ध्या वॉटपर्यंत विनापरवाना वापरता येतात. अमेरिकेत एफआरएस या सर्वसामान्यांसाठीच्या रेडिओ सेवेचे २२ चॅनेल आहेत, त्यातल्या काहींवर दोन वॉटपर्यंत मुभा आहे. एका ठिकाणचा संच दुसरीकडे वापरणं बेकायदा ठरू शकतं, तेव्हा जिथे जायचं तिथला नियम आधी पाहायचा. या लहरी पाऊण मीटरहून थोड्या कमी लांबीच्या असतात. कोपऱ्यांवरून त्या थोड्या वळतात आणि झाडांत कमी अडकतात, त्यामुळे घाटात अर्ध्या वॉटची वॉकीटॉकी हेल्मेटच्या इंटरकॉमला सहज मागे टाकते. पेअरिंग नाही, कंपनीचं सोवळंओवळं नाही, बॅटरी बदलता येते. उलट बाजूला, एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबून अर्धा सेकंद थांबून बोललं नाही तर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘खड्डा’ हाच तो शब्द असतो. आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय बाइकवर बंदच ठेवायची, कारण वाऱ्यालाही ती बोलणंच समजते आणि एकाच्या हेल्मेटमधला वारा सगळ्यांचा चॅनेल अडवून बसतो. बोलण्याचं बटण डाव्या मुठीजवळ वेल्क्रोने बांधायचं, बोटं क्लचवरून न हलवता अंगठा पोचेल असं. संचावर जे ‘प्रायव्हसी कोड’ असतात त्यांनी बोलणं गुप्त होत नाही. दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच. आपलं त्यांना जातच असतं.

मोठ्या ताफ्यात मला ही जुळणी सगळ्यांत शहाणी वाटते: सहा-आठ जणांचे मेशचे छोटे गट, आणि प्रत्येक गटाच्या लीडकडे व ताफ्याच्या स्वीपकडे वॉकीटॉकी. चोवीस जणांना एकाच मेशमध्ये घेता येतं हे खरं. पण चोवीस उघडे माइक एकत्र ऐकण्याची शिक्षा कोणी का भोगावी?

फोनवरच्या ग्रुप कॉलबद्दल थोडक्यात. नेटवर्क आहे तोवर अंतराची मर्यादा नाही, हा मोठाच फायदा. पण आवाज उशिरा पोचतो, टॉवर बदलताना तुटतो, आणि डोंगरात, म्हणजे नेमकी गरज असते तिथे, नेटवर्कच नसतं. चुकलेल्याला शोधायला फोन, रस्त्यावरची सूचना द्यायला नाही.

हा मोठा खर्च ठरवून झाला की सगळे निश्चिंत होतात आणि ज्यावर आवाज खरोखर अवलंबून असतो ते काम दहा मिनिटांत उरकतात: माइक लावणं.

सगळ्यांचे माइक एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे एकाच्या माइकमध्ये घुसलेला वारा आठही जणांच्या कानात पोचतो. ग्रुपचा आवाज सगळ्यांत वाईट लावलेल्या माइकइतकाच चांगला असतो. पूर्ण बंद हेल्मेटला वायरचा चपटा माइक येतो. तो हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, बरोबर ओठांसमोर चिकटवायचा. हनुवटी उचलून वर उघडणाऱ्या हेल्मेटला आणि उघड्या हेल्मेटला दांडीचा माइक. दांडी डाव्या गालाच्या गादीमागून येते, आणि टोकाची माइकची बोंडी ओठांच्या कोपऱ्याशी नव्हे, ओठांपुढे बोटभर अंतरावर हवी. बहुतेक बोंड्यांच्या एका अंगाला खूण असते, बाण किंवा उंचवटा. ती बाजू तोंडाकडे. उलटी लागली तर यंत्र तोंडाचा आवाज गोंगाट समजून कापतं आणि वारा बोलणं समजून पाठवतं. ऐकणाऱ्याला माणूस बोगद्यातून बोलतोय असं वाटतं. फोमची टोपी फाटली असेल तर बदलायची, ओली झाली असेल तर वाळवायची. हनुवटीसमोरचं हवेचं भोक थेट माइकवर फुंकत असेल तर ते बंद करून पाहायचं आणि हनुवटीखालचा पडदा लावायचा. एवढ्याने जे साधतं ते महागड्या ‘नॉइज कॅन्सलेशन’नेही साधत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. एका जोडीदाराने ताशी ६०, ८० आणि १०० वर एक ते दहा आकडे सावकाश म्हणायचे, दुसऱ्याने कुठल्या वेगाला आकडे विरघळायला लागतात ते सांगायचं. उभ्या बाइकवर ‘हॅलो हॅलो’ करून काही कळत नाही, कारण सगळी लढाई वाऱ्याशी आहे.

स्पीकरचं दुखणं वेगळं. हेल्मेटच्या आत कानासाठी खळगे असतात, पण ते आपल्याच कानासमोर असतील असं नाही. स्पीकर कानाच्या भोकासमोरून सेंटिमीटरभर सरकला तरी आवाज पातळ होतो, आणि लोक तो वाढवून भरून काढायला जातात. अस्तर काढायचं, स्पीकर वेल्क्रोवर हलका बसवायचा, हेल्मेट घालून गाणं लावायचं आणि हेल्मेट डोक्यावर किंचित पुढे-मागे, वर-खाली सरकवत आवाज कुठे भरून येतो ते पाहायचं. जिकडे सरकवल्यावर भरला, त्याच दिशेने स्पीकर हलवायचा. तो कानाला जेमतेम लागला पाहिजे, दाबता कामा नये. तासाभराने कान दुखत असेल तर मागची फोमची चकती काढायची. खळगा उथळ आहे म्हणून आतलं थर्माकोलसारखं कवच कोरायचं नाही, कधीच नाही. आघात शोषून घ्यायचं काम त्याचं असतं. पातळ स्पीकर मिळतात, ते घ्यावेत. वायर कानशिलावरून न्यायची नाही, नाहीतर दोन तासांनी डोकं दुखायला लागतं आणि दोष बिचाऱ्या हेल्मेटला जातो. यंत्र चिकटवायच्या पट्टीवर बसवायचं असेल तर हेल्मेट स्पिरिटने पुसून, दाबून, रात्रभर राहू द्यायचं. लावल्या लावल्या पावसात निघालं तर यंत्र रस्त्यावर पडतं. निवड असेल तर मी चिमट्याचा आधार घेईन. नव्या ईसीई २२.०६ मानकात हेल्मेटची चाचणी त्यासाठीच बनवलेल्या इंटरकॉमसकट घेण्याची सोय आहे, तेव्हा नवीन हेल्मेट घेताना त्याचा स्वतःचा इंटरकॉम कोणत्या कंपनीचा आहे ते विचारून ठेवावं.

आणि कान. वेग शंभरच्या पुढे गेला की हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. ८५ डेसिबल आठ तास सहन होतात. पुढच्या दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, असा कामाच्या ठिकाणचा हिशेब आहे. या हिशेबाने शंभरला पंधरा मिनिटं उरतात. त्यावर मात करायला स्पीकर वाढवला की कानाचं दुहेरी नुकसान. उलट फोमचे इअरप्लग घालून स्पीकर वाढवला तर वाऱ्याचा घोंगाट दबतो आणि बोलणं अधिक स्पष्ट कळतं. हे ऐकताना विचित्र वाटतं, पण एकदा करून पाहणारा परत उघड्या कानाने जात नाही. इअरप्लग घातल्यावर आवाज पुरत नसेल तरच मोठे स्पीकर घ्यावेत. कानात घालायचे इअरफोन हा त्याला पर्याय नाही. फ्रान्ससारख्या देशात २०१५पासून ते चालवताना घालायला बंदी आहे, हेल्मेटमधल्या स्पीकरला नाही.

बॅटरीबद्दल कंपनी जे तास सांगते ते नव्या बॅटरीचे आणि बहुधा ब्लूटूथवरचे. मेशला जास्त वीज लागते, कारण आपण गप्प असतानाही हेल्मेट दुसऱ्यांचा आवाज पुढे पोचवत असतं. थंडीत तास आणखी घटतात. दोन-तीन वर्षांनी बॅटरी दिवसभर टिकत नाही, आणि बऱ्याच यंत्रांत ती घरी बदलता येत नाही. म्हणून चालू असताना चार्ज होतं का, हे घेण्याआधी पाहायचं. होत असेल तर जेवणाच्या थांब्यावर पॉवर बँक पुरते. खोक्यावरची ‘आयपी ६७’ ही खूण म्हणजे यंत्र मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं, पण झाकण नीट बसलेलं असेल तर. पावसात भिजल्यावर चार्जिंगचं तोंड कोरडं केल्याशिवाय वायर लावली तर पितळी टोकं हिरवी पडतात आणि यंत्राची गत तिथून बिघडते.

राहता राहिलं बोलायचं काय ते. इंटरकॉममुळे येणारी सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे ओव्हरटेकसाठी ‘ये, रस्ता मोकळा आहे’ असं मागच्याला सांगणं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याला दिसणारा रस्ता त्याच्या जागेवरून, त्या क्षणी दिसतो. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत दहा सेकंद गेलेले असतात, आणि समोरून ताशी ८०ने येणारी गाडी तेवढ्यात सव्वादोनशे मीटर जवळ आलेली असते. लीडने फक्त वाईट बातमी द्यावी: ‘समोरून गाडी, थांबा.’ मोकळा रस्ता ज्याचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा.

सूचना द्यायची ती तीन तुकड्यांत: काय, कुठे, काय करायचं. ‘खडी, उजवीकडे, सावकाश.’ ‘जनावर, डावीकडे, थांबतोय.’ वाक्य पूर्ण करायच्या नादात मागचा खडीवर पोचलेला असतो. स्वीपचं काम सगळे पुढे सरकल्यावर ‘सगळे पार’ एवढं सांगायचं. जीपीएसचा आवाज लीडच्याच कानात. गाणी ज्याची त्याने, पण वळणांच्या भागात लीडची बंद. गप्पांना मनाई नाही. लांबच्या सरळ, कंटाळवाण्या रस्त्यावर त्या झोप घालवतात. वळणं, गर्दी, पाऊस लागला की गप्पा थांबतात, असं आधीच ठरलेलं असावं, म्हणजे कोणाला कोणाला गप्प करावं लागत नाही. नुकत्याच शिकलेल्याला पहिल्या दिवशी माइक बंद करायचं बटण आधी दाखवावं, बाकीची बटणं मागाहून.

आवाज जाणारच आहे असं धरून एक नियम मात्र निघण्याआधी ठरवावा लागतो. प्रत्येकाने आपल्या मागच्याला आरशात ठेवायचं. फाट्यावर वळायच्या आधी मागचा दिसेपर्यंत थांबायचं, आणि त्याने वळण पाहिल्याशिवाय निघायचं नाही. स्वीपने दोन हाकांना उत्तर दिलं नाही की लीडने पुढच्या सुरक्षित जागी, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, थांबायचं. वळणात नाही, चढाच्या माथ्यावर नाही. पाच मिनिटांत मागून कोणी आलं नाही तर फोन करायचा, आणि लागला नाही तर दोघांनी मिळून मागे जायचं, बाकीच्यांनी तिथेच थांबायचं. फोन करणारा एकच असावा, तो कोण हे नावानिशी ठरलेलं असावं. आठही जणांनी एकदम फोन लावला तर मागे राहिलेल्याचा फोन व्यस्तच लागत राहतो.